पाच दारची गाय

सासूबाई गेल्या आणि दोघा भावांनी घर वाटून घेतलं, त्या वर्षीची ही गोष्ट. अंगणाच्या मधोमध विटांची भिंत घातली. ती कमरेएवढीच झाली, कारण विटा संपल्या आणि पुढच्या विटांचे पैसे कोणी द्यायचे यावर दोघांचं जमेना. त्यामुळे भिंत असूनही पलीकडचं सगळं दिसायचं, आणि दिसत नसल्याचं सोंग मात्र दोन्हीकडून करावं लागायचं.

वाटणीत विहीर आमच्याकडे आली आणि गोठा दिराकडे गेला. गोठ्यात तेव्हा एक शेपूटही नव्हतं, पण छप्पर पक्कं होतं, खाली फरशी होती, दावणीही शाबूत होत्या. तो आमच्याकडे यायला हवा होता असं मी तेव्हाही म्हणत होते. धाकट्या जावेचं म्हणणं काय होतं ते कळायला मार्ग नव्हता, कारण ती बोलायचीच नाही.

गल्लीत मला थोरली म्हणत, तिला धाकटी. न बोलणाऱ्या माणसाचा मला पहिल्यापासून संशय येतो. भांडणारं माणूस परवडलं, त्याच्या पोटातलं निदान ओठावर येतं. धाकटी विहिरीवर यायची, बादली भरायची, "येते" म्हणायची आणि जायची. मी काहीतरी काम काढून तिथेच घुटमळायची. पाणी सामाईक असलं तरी विहीर आमची होती.

त्याच हंगामात छोटी कर्जं देणारी एक कंपनी आमच्याकडे आली. जमिनीचा कागद नको, सोनं नको, नवऱ्याची सही नको. पैसे फक्त बायकांना, आणि तेही पाच जणींचा गट असेल तर. एकीने हप्ता चुकवला तर बाकीच्या चौघींनी भरायचा. बँकेचा शिपाई आम्हाला दारातूनच परत लावायचा. हे लोक मात्र आमच्या पायरीवर येऊन बसले आणि चहा मागून प्यायले. माझा नवरा म्हणाला, "एवढं गोड बोलतायत म्हणजे मध कुणाच्या तरी पोळ्यातला असणार."

गट जमवला शिंपिणीने. तिच्याकडे गल्लीतल्या सगळ्यांची मापं होती, अंगाचीही आणि घराचीही. ती स्वतः, गवंड्याची बायको, कोपऱ्यावर एकटी राहून भाजीचे दोन वाफे पिकवून विकणारी भाजीवाली, आणि मी. चौघी झाल्या, पाचवी मिळेना. ज्या दारात जावं तिथे नवरा नाहीतर सासू आडवी. शेवटी शिंपिणीने भिंतीपलीकडे बोट दाखवलं. मी नाही म्हणाले.

ती म्हणाली, "अडला हरी गाढवाचे पाय धरतो, थोरले. आणि ही तर तुझी जाऊ आहे."

विचारायला तीच गेली. मी भिंतीच्या अलीकडे शेंगा फोडत बसले होते. धाकटीने हातातलं सूप खाली ठेवलं. मग तिने विचारलं, "मी नसले तर जाऊबाईंना मिळणार नाहीत का?"

शिंपीण म्हणाली की कुणालाच मिळणार नाहीत.

"बरं," धाकटी म्हणाली.

मला तो प्रश्न आवडला नाही. एवढी चौकशी कशाला? माझ्या हाती येणाऱ्या पैशाची किल्ली आपल्याकडे आहे, हे तिने पक्कं करून घेतलं, असं मी धरून चालले.

कंपनीचा वसुलीचा माणूस तरुण होता. ऊन असो नसो, त्याच्या डोक्यावर काळी छत्री असायची, म्हणून आम्ही त्याला छत्रीच म्हणायचो. पैसे कशाला हवेत ते त्याला सांगावं लागे. त्या वर्षी त्याच्या वरच्या साहेबांना गाई आवडत होत्या. ज्यांनी छप्पर, बियाणं, शिलाई असं सांगितलं त्यांचं काम लांबलं; ज्यांनी गाय सांगितली त्यांना लगेच मिळाले. शिंपिणीला हे दुसऱ्या गल्लीतून कळलं. तिने आम्हाला पढवलं आणि पाचही जणींनी गाय सांगितली. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं, ते मी नातवंडांबरोबर शिकले. दाखवलं तिथे अंगठा उठवला.

पैसे कोऱ्या नोटांत मिळाले, दुकानातल्या नव्या कापडासारख्या कडक. मिळाले मंगळवारी, आणि पहिला हप्ता पुढच्याच मंगळवारी होता. गाय आठवड्यात वीत नाही आणि मका आठवड्यात पिकत नाही, पण कंपनीला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. मी बाजारातून गाभण गाय आणली. तांबडी, कपाळावर पांढरा ठिपका, डावं शिंग आत वळलेलं. घराच्या कडेला चार खांबांवर पत्रा टाकून तिला बांधली. ती व्यायली तोवरचे हप्ते आम्ही घरात ठेवलेले कांदे भाव नसताना विकून भरले. कर्ज नसतं तर ते कांदे आम्ही थांबवले असते. पण कर्ज नसतं तर गायही नसती. हा हिशोब नवरा रोज जेवताना मांडायचा आणि रोज अर्धवट सोडून उठायचा.

बाकीच्यांनी गाय घेतलीच नाही. शिंपिणीने पायाचं मशीन देऊन मोटारीचं घेतलं. गवंड्याच्या बायकोने घरावर पत्रे घातले. आयुष्यभर दुसऱ्यांची घरं बांधणाऱ्याचं घर गळत होतं. भाजीवालीने बियाण्याच्या दुकानातली मागची उधारी फेडली आणि दुसऱ्याच दिवशी नवी काढली. धाकटीने काय केलं ते मात्र कुणालाच कळेना. पत्रा नाही, मशीन नाही, कोंबडीचं पिल्लूही नवं नाही. शिंपीण म्हणायची, माहेरी पाठवले असतील. भाजीवालीला वाटायचं, दिराने पत्त्यांत घातले.

हप्ता मात्र तिचा कधी चुकला नाही. छत्री शिंपिणीच्या खोलीत बसून पैसे घ्यायचा, तेव्हा मी तिच्या हाताकडे बघायची. कोऱ्या नोटा, आणि वर दोनचार चुरगळलेल्या. शेतकऱ्याच्या घरात कोऱ्या नोटा येतात कुठून? आमच्या हाती येणारी नोट तोवर दहा खिसे फिरून मऊ झालेली असते. शिवाय ती भल्या सकाळी विळा घेऊन बाहेर पडायची आणि ऊन चढल्यावर परतायची. त्यांच्या शेतात ती नसायची, कारण आमची शेतं लागून होती आणि मी बघत होते. दोनतीनदा मी आमच्या मक्याचा बांध चालून आले, गवत कापून नेलंय का ते पाहायला. गवत जागेवर होतं. त्याने माझा संशय वाढलाच. चोरी सापडली नाही म्हणजे ती चांगली लपवलेली असणार.

मग पाहणी आली. छत्रीने एका मंगळवारी सांगितलं की पुढच्या आठवड्यात तो घरोघरी येऊन गाई बघणार. खोलीतलं मशीन थांबलं. तो गेल्यावर शिंपिणीने दार लावलं आणि माझ्याकडे वळली.

तिचा बेत असा. छत्री समोरच्या रस्त्याने घरं घेत येणार. गायीने घरांच्या मागच्या वाटेने, मक्याच्या आडून, त्याच्या पुढे राहायचं. प्रत्येक घरी त्याला चहाला थांबवायचं म्हणजे गायीला पोचायला वेळ मिळेल. वासरू माझ्याकडेच ठेवायचं, नाहीतर दोघांची ओळख पटेल. मी म्हणाले की गाय माझी आहे, गल्लीची नाही. गवंड्याची बायको म्हणाली, "गाय तुझी, पण गट आपला. आम्ही पडलो तर आमचे हप्ते तूच भरणार आहेस."

खरं होतं. म्हणून गाय गेली. आधी माझ्या दारात दाखवली, मग धाकटीच्या, मग गवंड्याकडे, भाजीवालीकडे, आणि शेवटी शिंपिणीच्या मागच्या बोळात. छत्री पाच घरी चहा प्यायला. शेवटच्या घरी म्हणाला, "तुमच्या गल्लीतल्या सगळ्या गाई एकाच आईच्या दिसतात."

शिंपीण म्हणाली, "साहेब, चांगला वाण होता. सगळ्यांनी एकाच माणसाकडून घेतल्या."

तो हसला आणि छत्री उघडून गेला. त्याला कळलं होतं की नाही यावर आम्ही पुढे कितीतरी दिवस बोललो. माझं मत, कळलं होतं. त्यालाही वर पाच गाई दाखवायच्याच होत्या.

त्यानंतर दर महिन्याला पाहणी आणि दर महिन्याला गायीची फेरी. त्या दिवशी संध्याकाळी मी दूध काढायला बसले की भांडं अर्धंही भरायचं नाही. पहिल्यांदा मी सोडून दिलं. दुसऱ्यांदा नवरा म्हणाला, "वासराविना फिरवता, ती पान्हा चोरते." पण कासेला हात लावला की कळतं, दूध चढवलंय की कुणी आधीच काढलंय. सडं ओली होती. मी चौघींचे चेहरे डोळ्यांपुढे आणले आणि धाकटीवर थांबले. फेरीत माझ्यानंतर गाय पहिली तिच्याकडे जात होती. बोलली असती तर तिचं खरंखोटं तरी झालं असतं. ती बोलायचीच नाही, मग काय करणार?

थंडी सरता सरता एक दिवस जोराचा वारा सुटला आणि आमच्या चार खांबांवरचा पत्रा उडून शेजारच्या वाफ्यात पडला. गाय उघड्यावर आली. आम्ही दोघं खांब सरळ करत होतो तेव्हा धाकटी भिंतीपाशी आली. म्हणाली, "गोठा रिकामा आहे. पत्रा बसेपर्यंत बांधा."

ती आपणहून बोलली हेच मला खटकलं. नवऱ्याने मात्र दावं सोडलं आणि गाय-वासरू दोन्ही भिंतीला वळसा घालून गोठ्यात नेऊन बांधली. परत आला तो म्हणाला, "गोठा झाडून ठेवलाय तिने."

झाडून ठेवलाय? वारा तर आत्ता आला. मी हे बोलून दाखवलं. तो म्हणाला, "तुला झाडलेली जागाही सहन होत नाही."

पत्र्याला नवे खिळे आणायचे राहिले. दोन दिवसांनी आम्ही शेतात मक्याला पाणी देत होतो. परत आले तो गायीच्या कानात पिवळा बिल्ला. कानाच्या कडेला रक्त सुकलेलं, आणि ती सारखं डोकं झटकत होती.

धाकटी दावणीपाशी उभी होती. तिने सांगितलं ते एवढं. छत्री न सांगता आला होता, बरोबर टोचायची पकड घेऊन आणखी एक माणूस. कंपनीला म्हणे कुठेतरी खोट्या गाई सापडल्या होत्या. आता प्रत्येक गायीच्या कानात जिचं कर्ज तिचा नंबर टोचायचा, आणि ती गाय त्याच दारात दिसली पाहिजे, कधीही आलो तरी. पहिल्यांदा तो तिच्याकडे शिरला, गोठ्यात गाय दिसली, तिचा नंबर टोचला. बाकीच्यांची दारं बंद होती, सगळ्या कुठे ना कुठे बाहेर. त्यांनी महिनाअखेरच्या मंगळवारपर्यंत गाय दाखवायची, नाहीतर उरलेले सगळे पैसे एकदम भरायचे.

मी विचारलं, "आणि तू त्याला टोचू दिलंस?"

"माझी नाही म्हणाले असते तर मग कुणाची, असं त्याने विचारलं असतं. पाचही जणींचं बाहेर आलं असतं."

"मला बोलवायचं होतंस. शेत हाकेवर आहे."

ती गायीच्या कानावरची माशी हाकलत राहिली.

मी दावं सोडायला वाकले. तिने माझ्या हातावर हात ठेवला. ओढला नाही, नुसता ठेवला. "आत्ता नेऊ नका," म्हणाली. "तो उद्याही येईल. नंबर माझा आहे, गाय माझ्या दारात दिसायला हवी. दूध तुम्ही काढा."

तर अशी गंमत झाली. पाच जणींत गाय घेतलेली मी एकटी, आणि कंपनीच्या लेखी गाय नसलेल्या चौघींत मी. गाय होती तिच्या नंबरची, तिच्या गोठ्यात. तिचा हप्ता चुकला असता तर तीच गाय कंपनीने ओढून नेली असती. मी सकाळ-संध्याकाळ भांडं घेऊन भिंतीला वळसा घालून माझीच गाय पिळायला जायची. गल्ली बघायची. कुणीतरी म्हणालं, थोरली धाकटीकडे दूध काढायच्या कामाला लागली. मी मान खाली घालून भांडं सांभाळत यायची. एक मात्र झालं, दूध आता एकदाही कमी निघालं नाही. धाकटी हात लावत नव्हती, की लावायचं थांबली होती, ते कसं कळणार?

महिना संपत आला तशी प्रत्येकीने आपापली वाट काढली. शिंपिणीने आणि गवंड्याच्या बायकोने दुसऱ्या एका कंपनीकडून पैसे उचलले आणि त्यातून पहिल्या कंपनीचे फेडले. ते लोक शुक्रवारी यायचे. भाजीवालीने आगाऊ पैसे घेऊन एक वाफा तीन वर्षांसाठी दुसऱ्याला कसायला दिला. माझ्या नवऱ्याने दुसरं कर्ज घ्यायला साफ नकार दिला. गाय विकून फेडावं तर कानात बिल्ला दुसरीचा. नवी गाय घ्यावी तर पैसा कुठला? त्या गायीच्या दुधावर आमच्या घराचं तेलमीठ, मुलांची शाळेची फी आणि हप्ता, तिन्ही चाललं होतं. ती गेली असती तर आम्ही कांदे विकले होते तिथेच परत आलो असतो, आणि या वेळी घरात कांदेही नव्हते.

शिंपीण मला समजवायला आली. मी तिला म्हणाले की मी मंगळवारी छत्रीला खरं सांगणार, गाय कुणाची ते. ती काही वेळ माझ्या बाहीचा उसवलेला टाका बघत राहिली. मग म्हणाली, "तू बोललीस तर आपण पाचही जणी बुडणार. कर्ज मिटवणाऱ्याही सुटणार नाहीत, खोटं सगळ्यांनीच सांगितलंय. गप्प राहिलीस तर तू एकटी."

"म्हणजे मी एकटीने बुडावं."

"मी तसं म्हटलं नाही," ती म्हणाली. पण म्हटलं तेच होतं.

मंगळवारी खोलीत नेहमीसारख्या आम्ही चटईवर बसलो. मशीनवर कापड टाकलेलं होतं. मी ठरवून आले होते. भिंतीपलीकडच्या बाईसाठी मी माझी गाय सोडणार नव्हते, मग गट राहो की जावो. पहिल्या तिघींनी राहिलेले सगळे पैसे मोजून दिले. छत्रीने माझ्याकडे पाहिलं. "मावशी, तुमची गाय?"

मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात धाकटी म्हणाली, "आधी माझं घ्या."

तिने कमरेचं गाठोडं सोडलं. आत कोऱ्या नोटांचा गठ्ठा होता, कंपनीने दिला होता तसाच, त्याच्यावरचा रबरही तोच लाल. त्यातल्या हप्त्याच्या तेवढ्या कमी झालेल्या. शेजारी दुसरी पुरचुंडी, मऊ झालेल्या नोटांची आणि नाण्यांची.

"माझं कर्ज मिटवा," ती म्हणाली.

छत्रीने गठ्ठा उलटा सुलटा केला. मुदतीआधी फेडलं तरी व्याज पूर्ण वर्षाचं लागेल असं त्याने बजावलं. तिने पुरचुंडी पुढे सरकवली. त्याने मोजलं, पुन्हा मोजलं, आणि बरोबर आहे म्हणाला. गवंड्याची बायको माझ्याकडे बघत होती, मी नोटांकडे. ज्या पैशाचं काय झालं म्हणून सगळी गल्ली इतके महिने डोकं खाजवत होती, तो पैसा तिथे चटईवर पडला होता.

"आता कानातला बिल्ला काढा," धाकटी म्हणाली. "ती गाय मी जाऊबाईंना विकली. त्यांचा नंबर टोचा."

छत्रीने आमच्या दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. त्याला काय ते कळलं असावं, कारण त्याने खाली बघून नाक खाजवलं. "केवढ्याला विकली?"

"ते आम्ही घरात बघू."

शिंपिणीला खोकला आला. छत्री उठला, आमच्या मागोमाग गोठ्यापर्यंत आला, जुना बिल्ला कापला आणि दुसऱ्या कानात माझ्या नंबरचा टोचला. गायीने पुन्हा डोकं झटकलं. मी तिला सोडून माझ्या अंगणात आणली. पत्रा त्याआधीच बसवून घेतला होता.

आता कुणालाही वाटेल की मी त्या दिवशी निवांत झोपले असेन. उलट मला जास्त घोर लागला. चार माणसांत तिने सांगितलं होतं, गाय मी विकली. म्हणजे गाय आधी तिची होती हे मी सगळ्यांसमोर गप्प राहून मान्य केलं. "घरात बघू" म्हणजे कधी बघू? केवढ्याला? मी रोज वाट बघायची, ती विहिरीवर आली की आता विषय काढेल. ती बादली भरायची, "येते" म्हणायची आणि जायची.

शेवटी मी दिराला अडवलं. तो आमच्या विहिरीवर पाय धुवत होता. ते पैसे कुठले, असं सरळ विचारलं.

तो म्हणाला, "तेच, कंपनीचे. तिने मोडलेच नाहीत, वहिनी. धान्याच्या पिंपात ठेवले होते. पंप बिघडला तेव्हा मी मागितले, दिले नाहीत. म्हणाली, हे आपल्यासाठी घेतलेलेच नाहीत, पाचवी लागत होती म्हणून घेतले. मुदलाचा हप्ता त्यातूनच द्यायची. वरच्या व्याजासाठी पलीकडच्या मळ्यात रोजाने गवत कापायला जायची."

"कशासाठी पण?"

"मीही विचारलं. म्हणाली, गोठा रिकामा बरा दिसत नाही."

तो पाय पुसून निघून गेला. मी हे उत्तर कितीदा तरी उलटंसुलटं करून पाहिलं. माझ्या दारात गाय यावी म्हणून तिने इतके महिने दुसऱ्याचं गवत कापलं, असाही त्याचा अर्थ होतो. गाय आज ना उद्या आपल्या गोठ्यात येईल म्हणून कापलं, असाही होतो. दोन्ही खरं असेल. माणसाच्या पोटात एकच गोष्ट असते असं थोडंच आहे.

दुधाचं कोडं मात्र शिंपिणीने सोडवलं, तेही हसत. गट मोडल्यावर, म्हणजे बाकी चौघी कर्ज मिटवून बाहेर पडल्या आणि हप्ता भरणारी मी एकटी उरले तेव्हा, आम्ही एकदा तिच्याकडे बसलो होतो. मी फेरीच्या दिवसांचं दूध काढलं, म्हणजे विषय काढला. शिंपीण म्हणाली, "अगं, साहेबाला चहा द्यायचा म्हणजे दूध नको? दूध आणायचं कुठून? गाय दारातच उभी होती."

गवंड्याकडे आणि भाजीवालीकडेही तसंच झालं होतं. पेलाभर त्यांनी घेतलं, पेलाभर यांनी. छत्रीने महिन्याच्या महिन्याला माझ्याच गायीचं दूध घरोघर पिऊन, पाच गाई आहेत असं लिहिलं होतं. धाकटीनेही घेतलं होतं का, असं मी विचारलं. शिंपीण म्हणाली, "ती बिनदुधाचाच द्यायची. तो तक्रार करायचा."

बाकी कर्जाने काय झालं म्हणाल तर शिंपिणीच्या दारी मंगळवारऐवजी शुक्रवार आला, आणि मशीन शेवटी दुसऱ्या कंपनीने नेलं. गवंड्याचं छप्पर टिकलं, पण गवंडी हप्त्यासाठी परगावच्या बांधकामांवर गेला तो सणासुदीलाच त्या पत्र्याखाली झोपायचा. भाजीवालीचा वाफा परत यायला सांगितल्यापेक्षा जास्त वर्षं लागली. आम्ही एका गायीवर तग धरला. श्रीमंत झालो नाही, पण कांदे त्यानंतर भाव बघून विकले. लोक मला म्हणायचे, तुझं कर्ज फळलं. मी म्हणायची, हो. कुणाच्या जिवावर ते सांगत बसले नाही.

गायीची कालवड दावं ओढायला लागली तेव्हा मी एक दिवस तिला घेऊन भिंतीला वळसा घातला. धाकटी गोठ्यापुढे मका सोलत बसली होती. मी दावं तिच्यापुढे धरलं. तिने हात पुढे केला नाही. आधी माझ्याकडे पाहिलं, मग कालवडीकडे, मग पुन्हा माझ्याकडे, मी जशी तिच्या नोटांकडे बघायची तशी.

"केवढ्याला?" तिने विचारलं.

"ते आपण घरात बघू," मी म्हणाले.

ती उठली. तिने कालवडीचा डावा कान उलटून पाहिला, मग उजवा. बिल्ला नव्हता. मग दावं घेतलं आणि तिला दावणीला बांधलं. मी परत निघाले तेव्हा मागून म्हणाली, "बिल्ला टोचला त्या दिवशी हाक मारली होती मी. भिंतीवर उभं राहून."

मला हाक ऐकू आली नव्हती. नवऱ्यालाही नाही. पण त्या दिवशी पंप चालू होता, आणि वाराही होता. मी "बरं" म्हणाले.

भिंत पुढे वाढली नाही आणि पाडलीही नाही. गाय म्हातारी होऊन आमच्याच दारात मेली. धाकटी तिच्या आधी गेली, कालवड पहिल्यांदा व्यायली त्याच वर्षी, शेंगा काढायच्या आधी, तापाने.